संगणक-शिक्षकांची विभागीय परिषद

शाळेंत गणित शिकविणाऱ्या शिक्षकास एखादें प्रमेय मुलांच्या गळीं कसें उतरवावें असा प्रश्न पडला, तर तो मधल्या सुटींत शेजारच्या वर्गावरील गणिताच्या शिक्षकास गांठतो. भाषेच्या शिक्षकांस तर शिक्षकांच्या खोलींत बोलावयास चार माणसें सहज मिळतात. त्यांच्या विषयांस मोठी परंपरा आहे. कोणता धडा कोठें अडतो, कोणत्या उदाहरणानें ती अडचण सुटते, हें ज्ञान जुन्या शिक्षकांकडून नव्या शिक्षकांकडे सहजगत्या चालत येतें. संगणकशास्त्राच्या शिक्षकाची स्थिति याहून अगदीं निराळी आहे. पुष्कळ शाळांत तो एकटाच असतो. त्याचा विषय शाळेंत येऊन फार दिवस झालेले नाहींत, आणि वर्गांत त्यास जी अडचण येते ती समजून घेणारा दुसरा मनुष्य त्या इमारतींत बहुधा नसतो. कचेरींतलें यंत्र बिघडलें म्हणजे त्याला बोलावणें येतें. परंतु एकच आज्ञा संगणकाकडून पुनः पुन्हां करवून घेण्याची युक्ति मुलांस कां समजत नाहीं, हें तो कोणाला विचारणार?

अशा एकट्या पडलेल्या शिक्षकांनीं अधूनमधून एकत्र यावें, आपल्या अडचणी बोलाव्या आणि एकमेकांच्या युक्त्या उचलाव्या, या हेतूनें कांहीं देशांत संगणक-शिक्षकांच्या विभागीय परिषदा भरूं लागल्या. या परिषदांत काय चालतें आणि त्यांची गरज कां पडली, हें समजून घेण्यास इंग्लंडचें उदाहरण फार उपयोगी आहे. कारण त्या देशानें २०१४ च्या सप्टेंबरांत आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांतून एक विषय काढून त्याच्या जागीं दुसरा आणला, आणि शिकविणारीं माणसें मात्र बहुतेक तींच राहिलीं.

इंग्लंडमधील शाळेंत संगणक कसा शिरला याची हकीकत १९८१ सालापासून सांगावयास हरकत नाहीं. लोकांना या नव्या यंत्राची ओळख व्हावी म्हणून बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेनें त्या सुमारास एक मोठी योजना हातीं घेतली. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें तयार केलेला संगणक 'बी. बी. सी. मायक्रो' या नांवानें त्या वर्षाच्या अखेरीस विक्रीस आला, आणि १९८२ च्या जानेवारींत त्याच्या जोडीनें दूरचित्रवाणीवर पाठमाला सुरू झाली. हा संगणक चालू केला म्हणजे पडद्यावर चित्रें दिसत नसत. आज्ञेची वाट पाहणारी एक रिकामी ओळ दिसे. त्याच्याकडून कांहीं करून घ्यावयाचें तर मुलाला आज्ञा लिहावीच लागे. त्यामुळें यंत्राशीं खेळतां खेळतां आज्ञावली लिहावयास शिकलेलीं मुलें त्या पिढींत पुष्कळ निघालीं.

पुढील वीस वर्षांत हें चित्र पालटलें. तयार आज्ञावल्या पोटांत घेऊनच संगणक येऊं लागले. शाळांतील विषयास 'माहिती व संदेशवहन तंत्रज्ञान' असें भारदस्त नांव मिळालें. पण त्या नांवाखालीं पुष्कळ ठिकाणीं पत्र टंकित करणें, आंकड्यांचे तक्ते मांडणें, व्याख्यानासाठीं सचित्र पानें तयार करणें, एवढेंच शिकविलें जाई. कचेरींतील कामाला हें उपयोगी पडतें, यांत संशय नाहीं. परंतु तेंच काम एका इयत्तेंत, दुसऱ्या इयत्तेंत आणि तिसऱ्या इयत्तेंत करावें लागल्यावर हुशार मुलें कंटाळूं लागलीं. टांगा हांकावयास शिकणें आणि टांगा बनवावयास शिकणें या दोन निराळ्या विद्या आहेत. इंग्लंडच्या शाळांत पहिली विद्या राहिली आणि दुसरी लोपत चालली.

ही गोष्ट ज्यांच्या मनास लागली, अशा थोड्या शिक्षकांनीं, प्राध्यापकांनीं व संगणक-व्यवसायांतील मंडळींनीं २००८ सालीं 'कम्प्यूटिंग ॲट स्कूल' या नांवाची संघटना काढली. सायमन पेटन जोन्स हे नामांकित संगणकशास्त्रज्ञ तिचे अध्यक्ष झाले. संघटनेजवळ ना इमारत होती, ना मोठा निधि. तिचें सारें बळ म्हणजे शिक्षकांच्या भेटीगांठी. गांवोगांवचे शिक्षक शाळा सुटल्यावर एखाद्या वर्गांत दोन तास जमत, चहा घेत, आणि आपण काय शिकवितों तें एकमेकांस दाखवीत. या लहान बैठकांस 'हब' म्हणजे केंद्र असें नांव पडलें. अनेक केंद्रांतील शिक्षकांनीं मिळून एखाद्या विद्यापीठांत दिवसभर जमावें, तीच विभागीय परिषद होय.

पुढील घटना झपाट्यानें घडल्या. २०११ च्या ऑगस्टमध्यें एडिंबरो येथील व्याख्यानांत गूगल कंपनीचे एरिक श्मिट यांनीं ब्रिटनमधील शाळांत संगणकशास्त्र सर्वांस शिकविलें जात नाहीं याबद्दल उघड आश्चर्य व्यक्त केलें. २०१२ च्या जानेवारींत शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनीं जुना अभ्यासक्रम बाजूस सारण्याचा विचार जाहीर केला. त्याच आठवड्यांत रॉयल सोसायटीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अहवालानें एक महत्त्वाचा विवेक केला. संगणक वापरतां येणें ही साक्षरता. संगणकाची योजना करून व्यवहारांतील कामें पार पाडणें हें तंत्रज्ञान. आणि गणनेचे नियम, कृतींची रचना व माहितीची मांडणी यांचा अभ्यास म्हणजे शास्त्र. हीं तिन्ही अंगें एकाच नांवाखालीं कोंबल्यामुळें तिसऱ्याची उपेक्षा झाली होती. २०१४ च्या सप्टेंबरपासून 'कम्प्यूटिंग' हा नवा विषय लागू झाला. पांचव्या वर्षीं शाळेंत आलेल्या मुलालाहि 'अल्गोरिदम' म्हणजे काम करण्याची क्रमवार व निःसंदिग्ध रीत समजली पाहिजे, आणि अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना दोन तरी संगणक-भाषा वापरतां आल्या पाहिजेत, त्यांतील एक तरी अक्षरांनीं लिहावयाची असावी, असें त्यांत ठरलें.

अभ्यासक्रम कागदावर उतरविणें सोपें. तो वर्गांत उतरविणें कठीण. रॉयल सोसायटीच्या त्याच अहवालांत असें दिसून आलें होतें कीं, जुना विषय शिकविणाऱ्या शिक्षकांपैकीं त्या विषयाचें योग्य शिक्षण झालेले शेंकडा ३५ च होते. उरलेले कोणी मूळचे व्यापारशिक्षणाचे, कोणी भूगोलाचे, कोणी हस्तव्यवसायाचे. प्राथमिक शाळांत तर एकच शिक्षिका भाषेपासून चित्रकलेपर्यंत सर्व विषय शिकविते. या मंडळींनीं स्वतः कधीं आज्ञावलीची एक ओळहि लिहिली नव्हती, आणि आतां ती मुलांकडून लिहवून घ्यावयाची होती. कित्येक वर्गांत एखादा मुलगा घरीं शिकून शिक्षकाच्या पुढें गेलेला असे. ज्या शिक्षकानें वीस वर्षें वर्गासमोर आत्मविश्वासानें उभें राहून काम केलें, त्याला बारा वर्षांच्या मुलासमोर आपलें अज्ञान उघडें पडण्याची भीति वाटूं लागली, तर त्यांत नवल नाहीं. विभागीय परिषदांस जो अर्थ आला तो या परिस्थितींत आला.

अशी परिषद बहुधा शनिवारीं भरते, कारण त्या दिवशीं शाळा बंद असतात आणि विद्यापीठाचीं व्याख्यानगृहें मोकळीं असतात. सकाळीं दारापाशीं नांवें नोंदवून घेतात व प्रत्येकाला अंगरख्यावर लावावयास नांवाची चिठ्ठी देतात. प्रथम सर्वांसमोर एक व्याख्यान होतें. त्यानंतर मंडळी निरनिराळ्या खोल्यांत विभागली जातात. एका खोलींत पांच-सहा वर्षांच्या मुलांचे पाठ चाललेले असतात, दुसरींत परीक्षेच्या वर्गाची तयारी, तिसरींत नवीन भाषेची ओळख. प्रत्येक पाठ सुमारें तासाभराचा असतो, आणि तो देणारा मनुष्य बहुतेक वेळां दुसऱ्या शाळेंतला शिक्षकच असतो. मधल्या पडवींत पुस्तकवाले व यंत्रें विकणारे आपापलीं दुकानें मांडून बसतात. दुपारीं जेवण, मग पुन्हां पाठ, आणि सायंकाळीं चारच्या सुमारास पांगापांग. वरवर पाहणाऱ्याला यांत विशेष असें कांहीं दिसावयाचें नाहीं. विशेष आहे तें खोल्यांच्या आंत.

अशा परिषदांत वारंवार दिसणारा एक पाठ पाहण्याजोगा आहे, कारण त्याला संगणकाची मुळींच गरज लागत नाहीं. न्यूझीलंडमधील टिम बेल, आणि त्यांचे सहकारी इयन विटन व माइक फेलोज यांनीं १९९० नंतरच्या दशकांत यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ जमविले व 'अनप्लग्ड' या नांवानें प्रसिद्ध केले. त्यांपैकीं हा एक. शिक्षक एका मुलाजवळ पत्ते देतो. पत्त्यांची एक बाजू काळी व दुसरी पांढरी असते. मुलानें पांच ओळींत पांच पांच याप्रमाणें पंचवीस पत्ते मनास येईल तसे मांडावे. शिक्षक म्हणतो, "हें फार सोपें झालें, जरा अवघड करूं या," आणि प्रत्येक ओळीच्या शेवटीं व प्रत्येक स्तंभाच्या खालीं आणखी एकेक पत्ता ठेवतो. आतां सहा गुणिले सहा असे छत्तीस पत्ते झाले. शिक्षक पाठ फिरवितो. मुलानें कोणताहि एक पत्ता उलटावा. शिक्षक वळून पाहतो, आणि क्षणांत त्या पत्त्यावर बोट ठेवतो.

मुलांना ही जादू वाटते, आणि पहिल्यानें पाहणाऱ्या शिक्षकांनाहि वाटते. युक्ति अशी कीं, जादा पत्ते ठेवतांना शिक्षकानें प्रत्येक ओळींतील व प्रत्येक स्तंभांतील काळ्या पत्त्यांची संख्या सम केलेली असते. एक पत्ता उलटला कीं एका ओळींतील व एका स्तंभांतील संख्या विषम होते. ती ओळ व तो स्तंभ जेथें एकमेकांस छेदतात, तेथें उलटलेला पत्ता असलाच पाहिजे. संगणक जेव्हां तारेवरून माहिती पाठवितो, तेव्हां वाटेंत एखादें चिन्ह बिघडूं शकतें. तें ओळखण्यासाठीं मूळ माहितीबरोबर अशींच पडताळ्याचीं चिन्हें पाठविण्यांत येतात. पुस्तकाच्या पाठीवर जो तेरा आंकड्यांचा क्रमांक छापलेला असतो, त्यांतला शेवटचा आंकडाहि पडताळ्याचाच आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हे गणिती काम करीत असतां यंत्रास चूक झाल्याचें कळे व तें काम सोडून देई; चूक झाली एवढें यंत्राला कळतें, तर ती कोठें झाली हेंहि त्याला कां कळूं नये, या त्राग्यांतून त्यांनीं चुका दुरुस्त करण्याच्या संकेतांचा विचार केला व १९५० सालीं तो प्रसिद्ध केला. छत्तीस पत्त्यांच्या खेळांत त्याच विचाराचें बीज आहे.

परिषदेंत हा पाठ दिल्यावर खरें काम पुढें सुरू होतें. एखादी शिक्षिका विचारते, "मुलानें दोन पत्ते उलटले तर?" मग सर्वजण मांडून पाहतात. दोन्ही पत्ते एकाच ओळींतले असतील, तर त्या ओळींतील संख्या पुन्हां समच राहते. दोन स्तंभ मात्र विषम होतात. म्हणजे चूक झाली एवढें कळतें, ती नेमकी कोठें हें कळत नाहीं. दुसरा एखादा शिक्षक सांगतो कीं, आपल्या वर्गांत मुलांनीं युक्ति ओळखीपर्यंत आपण ती सांगत नाहीं, आणि ओळखणारें मूल नेहमीं पहिल्या बांकावरचें असतेंच असें नाहीं. पुस्तकांत खेळ छापलेला असतो. तो खेळतांना कोठें थांबावें, हें खेळविलेल्या माणसाकडूनच कळतें. आणि ज्या शिक्षिकेनें कधीं आज्ञावली लिहिलेली नाहीं, तिलाहि पत्ते हातांत घेऊन सोमवारीं हा पाठ देतां येतो. तिची भीति अर्धी ओसरते ती येथें.

दुसऱ्या प्रकारचा पाठ याहून सूक्ष्म असतो. मुलें कोठें चुकतात आणि कां चुकतात, याचा तो विचार आहे. मुलांसमोर तीन ओळी लिहाव्या. पहिली ओळ: अ = ५. दुसरी: ब = अ. तिसरी: अ = ७. आतां ब ची किंमत किती? पुष्कळ मुलें सात असें उत्तर देतात. बीजगणितांत बरोबरीचें चिन्ह म्हणजे तराजू. दोन्ही पारडीं सदैव सारखीं. तेंच चिन्ह पुष्कळ संगणक-भाषांत निराळ्या अर्थानें येतें. 'उजवीकडील किंमत पाहा आणि ती डावीकडील नांवाखालीं ठेव,' अशी ती एकदांच पाळावयाची आज्ञा आहे. म्हणून ब ची किंमत पांचच राहते. दुसरीं कांहीं मुलें म्हणतात कीं, ब ला पांच दिल्यावर अ रिकामा झाला. त्यांना शिक्षकानें 'अ म्हणजे एक डबा' असें समजाविलेलें असतें, आणि डब्यांतून वस्तु काढली म्हणजे डबा रिकामा होणारच! चूक मुलांची नसून दृष्टांताची आहे, हें दहा शाळांचे शिक्षक एकत्र बसले म्हणजे ध्यानांत येतें. एकट्या शिक्षकाला आपलाच वर्ग मंद आहे असें वाटत राहतें.

या चुकांच्या मुळाशीं एक मोठी चूक असते, असें रॉय पी या अमेरिकन संशोधकांनीं १९८६ सालीं दाखविलें. मुलांना वाटतें कीं यंत्राच्या पोटांत कोठें तरी एक मन दडलेलें आहे, आणि आपण लिहिलें चुकीचें तरी आपल्या मनांतलें तें ओळखून घेईल. आईला "तें दे" म्हटलें कीं ती नेमकी वस्तु देते. यंत्र तसें देत नाहीं. तें लिहिलेल्या अक्षराबाहेर एक पाऊलहि टाकीत नाहीं. ही समजूत पालटावी म्हणून इंग्लंडच्या प्राथमिक शिक्षकांत एक विनोदी पाठ प्रचारांत आला. शिक्षक यंत्रमानव बनतो, टेबलावर पाव, लोणी व मुरंबा ठेवतो, आणि मुलांनीं दिलेल्या आज्ञा अक्षरशः पाळतो. "मुरंबा पावावर ठेव," असें मुलांनीं म्हणतांच तो मुरंब्याची बंद बरणीच उचलून पावावर ठेवतो. मुलें खदखदां हंसतात; आणि हंसतां हंसतां आज्ञा किती नेमकी असावी लागते हें शिकतात.

मोठ्या मुलांसाठींहि अशाच अनुभवांतून रीती निघाल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत काम करीत असतां स्यू सेंटन्स यांनीं एक क्रम सुचविला. मुलांस कोरा पडदा देऊन 'लिहा' असें म्हणूं नये. आधीं तयार आज्ञावली द्यावी, आणि ती काय करील याचा अंदाज करावयास सांगावें. मग ती चालवून पाहावी. मग तिच्या अंतरंगाचा शोध घ्यावा. मग तींत लहानसा फेर करावा. आणि सर्वांत शेवटीं स्वतःची रचना करावी. न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनीं २००६ सालीं निराळा उपाय पुढें आणला. आज्ञावलीच्या ओळी उलटसुलट करून मुलांपुढें टाकावयाच्या, आणि त्या योग्य क्रमानें लावून घ्यावयाच्या. वाचावयास येण्यापूर्वीं कोणी निबंध लिहावयास सांगत नाहीं. संगणक-भाषेच्या बाबतींत मात्र पुष्कळ वर्गांत तसेंच चाललें होतें. संशोधकांचे हे विचार विद्वानांच्या नियतकालिकांतच राहिले असते. ते शाळेपर्यंत पोंचले यांत अशा परिषदांचा वांटा आहे.

चहाच्या वेळीं जें बोलणें होतें, त्याची किंमतहि कमी नाहीं. आठवड्यास एकच तास मिळतो, त्यांतली दहा मिनिटें यंत्रें सुरू होण्यांत जातात. परवलीचे शब्द मुलें विसरतात. वरच्या वर्गांत मुलगे भरपूर येतात आणि मुली मात्र दोन-तीनच. या तक्रारी सर्वांच्या सारख्या निघाल्या म्हणजे त्यांचा भार हलका होतो, आणि कधीं कधीं त्यांतून एकमुखी मागणी उभी राहते. परीक्षेचें एक प्रकरण या बाबतींत बोलकें आहे. सोळाव्या वर्षींच्या परीक्षेंत संगणकशास्त्रासाठीं शाळेंतच करावयाचें आज्ञावलीचें एक काम होतें, व त्यास शेंकडा २० गुण होते. या कामाचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें इंटरनेटवर सर्रास फिरूं लागलीं. ज्या मुलांनीं प्रामाणिकपणें काम केलें त्यांच्यावर तो अन्याय होता. अखेर २०१८ च्या जानेवारींत परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वल या संस्थेनें त्या कामाचे गुण धरावयाचे नाहींत असा निर्णय दिला. अशा वेळीं, वर्षभर राबलेल्या मुलांस काय सांगावें, हा प्रश्न एकेका शिक्षकानें आपल्यापुरता सोडवावयाचा म्हटला तर मोठा कठीण जातो.

परंतु परिषदांनीं सारें कांहीं साधतें असें समजणें भाबडेपणाचें होईल. शनिवारची सुटी सोडून, आगगाडीनें तासभर प्रवास करून येणारा शिक्षक मुळांतच उत्साही असतो. ज्यास सर्वांत अधिक गरज आहे, तो घरीं लहान मुलें असल्यामुळें, गांव दूर असल्यामुळें, किंवा आपलें अज्ञान चारचौघांत दिसेल या संकोचामुळें येत नाहीं. स्वयंस्फूर्त कार्याचा प्रकाश दिव्याजवळ अधिक पडतो आणि कोपरे अंधारांतच राहतात. २०१७ च्या नोव्हेंबरांत रॉयल सोसायटीनें दुसरा अहवाल काढला, तेव्हां हीच गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध झाली. सोळाव्या वर्षींच्या परीक्षेसाठीं संगणकशास्त्र हा विषय इंग्लंडमधील शेंकडा ५४ शाळा देतच नव्हत्या. परीक्षेस बसणाऱ्या पांच विद्यार्थ्यांत मुलगी एकच असे. २०१२ ते २०१७ या काळांत नवे शिक्षक मिळविण्याचें जें उद्दिष्ट होतें, तें शेंकडा ६८ च गांठलें गेलें. म्हणजे एखाद्या मुलीला या शास्त्राची गोडी लागणार कीं नाहीं, हें तिच्या बुद्धीवर नव्हे, तर तिचें घर कोणत्या शाळेच्या जवळ आहे यावर ठरत होतें.

या अहवालानंतर सरकारनें हात सैल केला. त्याच महिन्यांत चार वर्षांसाठीं ८ कोटी ४० लक्ष पौंडांची तरतूद जाहीर झाली, आणि २०१८ सालीं शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. शिक्षकांस शाळेच्या वेळांत शिकण्यास मोकळीक मिळावी, त्यांच्या जागीं दुसरा माणूस ठेवण्यास शाळेला पैसे मिळावे, अशी सोय झाली. आधीं दहा वर्षें शिक्षकांनीं आपल्या सुट्या खर्चून जें ज्ञान गोळा केलें होतें, त्याचा या प्रशिक्षणास आधार मिळाला. मात्र प्रशिक्षण आणि परिषद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणांत शिक्षक विद्यार्थी होऊन बसतो आणि ठरलेलें शिकून घेतो. परिषदेंत तो कधीं शिकतो, कधीं शिकवितो. आणि 'माझा हा पाठ फसला' असें बोलण्याची मोकळीक त्याला येथेंच लाभते.

अमेरिकेंतहि हीच वाट चोखाळली गेली. असोसिएशन फॉर कम्प्यूटिंग मशिनरी या जुन्या संस्थेच्या पुढाकारानें २००४ सालीं तेथें शालेय संगणक-शिक्षकांची संघटना निघाली, आणि तिच्या शाखा निरनिराळ्या संस्थानांत पसरल्या. त्याच संस्थेच्या भारतीय शाखेनें २०१६ सालीं आपल्याकडे 'सीएस पाठशाला' हा उपक्रम सुरू केला. या उपक्रमाचे पुष्कळसे पाठ यंत्राशिवाय करावयाचे आहेत व ते मराठींतहि उपलब्ध झाले आहेत. ज्या शाळेंत संगणक एकच आहे आणि त्याच्या खोलीला बहुधा कुलूप असतें, तिच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें गणिताबरोबर संगणकीय विचारपद्धतीवर शाळेच्या अगदीं पहिल्या वर्षांपासून भर द्यावा, आणि मधल्या वर्गांत आज्ञावली-लेखनाचा परिचय करून द्यावा, असें म्हटलें आहे. म्हणजे इंग्लंडपुढें २०१४ सालीं जो प्रश्न उभा राहिला, तो महाराष्ट्रांतील शिक्षकांच्याहि दाराशीं आला आहे, आणि येथें शाळांची संख्या कितीतरी अधिक आहे.

इंग्लंडच्या अनुभवांतून निघणारा बोध साधा आहे. सरकारनें अभ्यासक्रम छापावा, यंत्रें पुरवावीं, प्रशिक्षणास पैसा द्यावा. हें सारें अवश्य आहे. परंतु नवा विषय शाळेंत खऱ्या अर्थानें रुजतो तो शिक्षकांत त्याबद्दल बोलणें सुरू होतें तेव्हां. एका जिल्ह्यांतील दहा शिक्षक महिन्यांतून एकदां एका वर्गांत बसले, आणि प्रत्येकानें आपला एक साधलेला व एक फसलेला पाठ सांगितला, तर परिषदेचा प्रारंभ तेथेंच झाला. त्यासाठीं मोठें सभागृह लागत नाहीं, निधि लागत नाहीं. दोन रंगांचे छत्तीस पत्ते मात्र कोणी तरी बरोबर आणावे. परत जातांना ते ज्याच्या पिशवींत असतील, त्याच्या वर्गांतील मुलांचा पुढचा तास कंटाळवाणा जाणार नाहीं.